खंडनमिश्र

नवं पुस्तक हाती आलं की साधा वाचक पहिलं पान उघडतो. खंडनमिश्र शेवटची नामसूची उघडतात. आधी स्वतःचं नाव शोधतात. ते नसलं तर लेखकाचा व्यासंग अपुरा, हा निकाल तिथल्या तिथे लागतो. असलं तर पुढचा शोध: एरंडवण्यातल्या प्रतिस्पर्ध्याचं नाव किती पानांवर आहे? त्यांचं एक जरी पान जास्त निघालं तरी ग्रंथ पक्षपाती. मग तळटीपा. मजकुरावर यायची वेळ सहसा येत नाही, आणि आलीच तर हातात पेन्सिल घेऊन येते.

खंडनमिश्र हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शंकराचार्यांशी वाद घालणाऱ्या मंडनमिश्रांना निदान मंडन करता येत होतं. आमच्या मिश्रांनी तो भाग ऐच्छिक म्हणून सोडून दिला आहे. खरं आडनाव सांगून उपयोग नाही, कारण असे गृहस्थ पुण्याच्या दर पेठेत एकेक सापडतात. विषय तेवढा वेगळा. कुणाचा पानिपत, कुणाचा ज्ञानेश्वरीचा मूळ पाठ, कुणाचा शिवजन्माची तिथी. आमच्या मिश्रांचा विषय प्राचीन सेमिटिक भाषा. पेन्शनीत निघाल्यापासून सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीला जाळी लावून केलेल्या खोलीत, ते अक्काडियन, अरामी आणि हिब्रू घेऊन बसलेले असतात. या विषयात पुण्यात त्यांच्या तोडीचा माणूस एकच, आणि तो एरंडवण्यात राहतो. मिश्र त्यांचं नाव घेत नाहीत. ‘एरंडवण्याचं मत असं आहे की’ अशी सुरुवात करतात. तिकडे यांना ‘सदाशिव पेठ’ म्हणतात. नवख्याला वाटावं, पाण्याच्या टाकीवरून दोन वॉर्ड भांडताहेत.

दोघांची समक्ष भेट क्वचित. पत्रव्यवहार मात्र अखंड, तोही एका ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या समासात. एरंडवणं एखाद्या वाक्याशेजारी बारीक प्रश्नचिन्ह काढतं. महिन्याभरानं मिश्र त्या प्रश्नचिन्हाशेजारी उद्गारचिन्ह काढतात. मग तिकडून ‘पाहा: पृ. २१४’. मिश्र २१४ काढतात, तर तिथे समासात आधीच लिहिलेलं असतं, ‘आलात?’ एवढ्यावरून मिश्रांचा रक्तदाब दोन दिवस वर राहिला होता.

वादाचं मूळ टिळकांत आहे. पुण्यातल्या बऱ्याच वादांचं असतं. १९१७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त गौरवग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी ६ जुलैला त्यांच्या नावाचं प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं. भांडारकर आणि टिळक यांचं सख्य सर्वांना ठाऊक होतं. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून एकानं शास्त्राधार काढून कायद्याची बाजू घेतली आणि दुसऱ्यानं ‘केसरी’तून ती झोडपली. त्याच भांडारकरांच्या गौरवग्रंथात टिळकांनी इंग्रजीत लेख दिला, खाल्डियन आणि भारतीय वेदांवर. विरोधकाचा गौरव करायचा तर निबंधानं करावा, हार घालून नव्हे, ही पुण्याची रीत मला तरी फार आवडते.

लेखाचा मुद्दा असा. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातलं तेरावं सूक्त सर्पविष उतरवण्याचं आहे. त्यात काही शब्द असे आहेत की भल्याभल्या भाष्यकारांनी तिथे माना टाकल्या: तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला. टिळक म्हणाले, हे शब्द आपले नव्हेतच, मेसोपोटेमियातून आलेत. तैमात म्हणजे बाबिलोनच्या सृष्टिकथेतली तिआमत, आदिसागराची ती अक्राळविक्राळ अधिष्ठात्री. उरुगूला म्हणजे तिकडच्या भाषेतलं ‘महानगर’, मृतांचं पाताळ.

मिश्र या लेखाचे कट्टर अनुयायी. एरंडवण्याचं म्हणणं, नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून शब्द नात्यातला होत नाही. शिवाय टिळकांच्या काळी ज्या भाषेला ‘अक्काडियन’ म्हणत ती आजची सुमेरियन, आणि तिआमत हा शब्द तर अस्सल सेमिटिक. म्हणजे टिळकांनी पत्ताच चुकीचा दिला. यावर मिश्रांचं उत्तर तयार असतं: ‘पत्ता चुकला असेल, पत्र पोचलं ना?’

आता यात एक गंमत आहे, ती या दोघांपैकी कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगतो. टिळक नारायण पेठेत तिआमतचा माग काढत होते, त्या सुमाराला पुण्याहून रेल्वेनं जाता येणाऱ्या केडगावला पंडिता रमाबाई मूळ हिब्रूवरून बायबल मराठीत आणत होत्या. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, दुसऱ्याच वचनात, अंधाराखालच्या त्या खोल जलाशयासाठी हिब्रूत ‘तहोम’ शब्द आहे. अभ्यासक त्याला तिआमतचाच सख्खा नातेवाईक मानतात. टिळक आणि रमाबाई यांचं तर शारदासदनापासून वाकडं. पण एक अथर्ववेदाकडून आणि एक बायबलाकडून, दोघं त्याच पाण्याच्या काठावर आले होते. रमाबाईंना आधीची मराठी भाषांतरं संस्कृतप्रचुर वाटत, साध्या बायाबापड्यांना न कळणारी. त्या टीका करून थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल नव्यानं केलं. त्या १९२२ साली गेल्या, आणि त्यांच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यात ते पुरतं छापून झालं १९२४ साली. मिश्रांच्या यादीत त्यांचं नाव नाही. दुसऱ्याचं चुकलंय म्हणून स्वतः अख्खा ग्रंथ लिहायचा, ही पद्धत मिश्रांना अपरिचित आहे.

मिश्रांची पुस्तिका वर्षाकाठी एक निघते, स्वखर्चानं. पानं बत्तीस, त्यातली प्रस्तावना वीस. मांडणी एकच: पूर्वपक्ष म्हणजे एरंडवणं, उत्तरपक्ष म्हणजे आपण, आणि शेवटी ‘विस्तारभयास्तव येथेच थांबतो’. भाषा अतिशय सभ्य. ‘आमचे व्यासंगी मित्र’, ‘विद्वान सन्मित्र’, ‘आदरणीय अभ्यासक’. मी एकदा म्हणालो, ‘काका, एवढं भांडण आणि केवढा आदर!’ तेव्हा त्यांनी मला पहलवी शिकवली. त्या भाषेत अरामी शब्द लिहायचा आणि त्या जागी इराणी वाचायचा, ‘मलका’ लिहून ‘शाह’ म्हणायचं, अशी शेकडो शब्दांची चाल आहे. विश्रामबागवाड्यातल्या पूना कॉलेजात १८५९ ते १८६६ संस्कृतचं खातं सांभाळणारे मार्टिन हौग आणि पुण्याचेच दस्तूर होशंगजी जामास्पजी यांनी याच भाषेच्या जुन्या कोशावर एकत्र काम केलं. ‘तेव्हा लिहायचं विद्वान सन्मित्र,’ मिश्र गंभीरपणे म्हणाले, ‘वाचणाऱ्याला काय वाचायचं ते बरोबर कळतं.’

पण मिश्रांचा खरा दैवत-पुरुष टिळक नव्हे, हौग तर नव्हेच. तो हेन्री रॉलिन्सन. बाबिलोनी लिपी फोडण्याचा मान जगानं ज्याला दिला तो हा साहेब, आणि मिश्रांच्या लेखी तो पुण्याचा. यात तथ्य आहे. रॉलिन्सन १८२७ साली, सतरा वर्षांचा असताना, कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईला उतरला. त्याच जहाजावर मुंबईचा नवा गव्हर्नर जॉन माल्कम होता, आणि इराणच्या इतिहासाचं वेड पोराला त्यानं तिथेच लावलं. पुढची पाच-सहा वर्षं रॉलिन्सन मुंबई इलाख्यात होता, पुण्याच्या छावणीतही राहिला. फारसी शिकला, शिकार केली, आणि पैज लावून पुणे ते पनवेल हे सत्तर-बहात्तर मैल घोडे बदलत तीन-सव्वातीन तासांत तोडले. ‘आज एक्स्प्रेसवेवर तरी होतं का?’ मिश्र विचारतात. लोणावळ्याजवळ कोंडी असली तर नाही होत, हे मलाही मान्य करावं लागतं. बोरघाटातला गाडीरस्ता माल्कमनं १८३० साली खुला केला होता, हे मिश्र या संदर्भात सांगत नाहीत. तो शोध एरंडवण्याचा.

१८३३ साली रॉलिन्सन इराणात गेला आणि तिथे बेहिस्तूनच्या कड्यावर त्याला सम्राट दारयवहूचा तीन भाषांतला लेख दिसला: जुनी इराणी, एलामी आणि बाबिलोनी. हा लेख माणसाच्या नजरेत नीट येणार नाही अशा उंचीवर कोरलेला. रॉलिन्सन शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहून, डाव्या हातानं कड्याला रेलून आणि त्याच हातात वही धरून उतरवून घ्यायचा. बाबिलोनी भाग तर इतका अवघड जागी की १८४७ साली एका कुर्दी पोरानं खुंट्या ठोकत, दोरीला लटकत ओल्या कागदाचे ठसे काढून आणले. त्या पोराचं नाव कुठल्या नामसूचीत नाही. रॉलिन्सन तेव्हा बगदादला कंपनीचा राजकीय प्रतिनिधी होता. तिथे नदीकाठच्या मंडपात, छपरावर रहाटाचं पाणी पडत असताना, तो लिपी उलगडत बसे. घरात पाळलेला सिंह. या सिंहाचं वर्णन करताना मिश्रांचा आवाज चढतो.

यावर एरंडवण्याचा एकच शब्द: हिंक्स. एडवर्ड हिंक्स हा आयर्लंडातल्या किलीली गावचा पाद्री. १८२५ पासून १८६६ साली मरेपर्यंत त्याच गावात. मेसोपोटेमिया कधी पाहिला नाही, कड्यावर चढला नाही, सिंह पाळायचा तर सोडाच. पण या लिपीतलं चिन्ह म्हणजे सुटा वर्ण नव्हे तर सबंध अक्षर, एकेका चिन्हाचे अनेक उच्चार होतात, आणि ही लिपी मुळात सेमिटिक लोकांनी बनवलेलीच नसावी, या खऱ्या किल्ल्या त्या पाद्र्यानं घरबसल्या शोधल्या. रॉलिन्सन त्यातल्या बऱ्याच मुक्कामांवर नंतर पोचला आणि ऋण मान्य करताना त्याचा हात आखडता राहिला. आजचे बरेच अभ्यासक पारडं हिंक्सकडे झुकवतात. एरंडवणं हे सांगतं तेव्हा त्याला आयर्लंडशी काही देणंघेणं नसतं. ‘पाय रॉलिन्सनचे, डोकं हिंक्सचं,’ असं त्यांनी एका पुस्तिकेत लिहिलं आणि मिश्रांनी पुढचे चार दिवस जेवणात लक्ष दिलं नाही.

रॉलिन्सन आणि हिंक्स यांच्या वादाचा कळसाध्याय १८५७ सालचा. एका चिन्हाचे पाच उच्चार आणि एका उच्चाराची पाच चिन्हं म्हटल्यावर लोक हसायला लागले होते. हे पंडित वाटेल ते वाचतात असा बोलबाला झाला. तेव्हा छायाचित्रणाचा एक जनक आणि हौशी लिपीतज्ज्ञ फॉक्स टालबट यानं तिग्लथ-पिलेसर राजाच्या लेखाचं भाषांतर सीलबंद पाकिटात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला पाठवलं आणि सुचवलं की इतरांनीही तसंच करावं. रॉलिन्सन, हिंक्स आणि ज्यूल्स ओपर्ट यांनी केलं. मे महिन्यात पंचांनी पाकिटं फोडली. चौघांचं म्हणणं मुख्य गोष्टींत जुळलं. सर्वांत जास्त जुळलं ते एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या रॉलिन्सन आणि हिंक्स यांचं. असिरियाचं शास्त्र त्या दिवशी खरं ठरलं. इकडे मेरठला त्याच महिन्यात वेगळाच बार उडाला होता, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी मागे राहिली असावी.

ही गोष्ट मिश्रांनी सांगितली आणि मी सहज बोलून गेलो, ‘मग तुम्ही दोघांनी करून बघा की. सर्पविषाचं सूक्त, अकराच मंत्र. पाकिटं बंद.’ मला वाटलं, उडवून लावतील. पण पाकीट या गोष्टीत विद्वानांना काही विशेष ओढ असावी. एरंडवण्यानंही होकार पाठवला, अट एकच: पंच तटस्थ हवा. पुण्यात तटस्थ माणूस आणायचा कुठून? शेवटी मिश्रांच्या बायकोवर, म्हणजे काकूंवर, एकमत झालं. काकूंनी शाळेत संस्कृत शिकवलंय, आणि दोघांपैकी कुणाचीच पुस्तिका वाचलेली नाही. मंडनमिश्रांच्या वादातही त्यांची पत्नी भारतीच पंच होती, दोघांच्या गळ्यात हार घातले, ज्याचा सुकला तो हरला, असा दाखला मिश्रांनी दिला. काकू म्हणाल्या, ‘परवा चतुर्थी आहे. हारांचे भाव माहितेत का? पाकिटंच बरी.’

एरंडवणं आलं. दोन मजले चढून, जिन्यात दोनदा थांबून. बारीक चणीचे, कानाला यंत्र, खांद्याला शबनम. दोघं एकाच सतरंजीवर बसले, पण एक गॅलरीकडे तोंड करून आणि एक कपाटाकडे. बोलणं काकूंमार्फत. ‘त्यांना विचार, चहात साखर चालते का.’ ‘त्यांना म्हणावं, अर्धा चमचा.’

काकूंनी डाळीच्या डब्यावर ठेवलेली पाकिटं फोडली आणि वाचायला सुरुवात केली. पहिला मंत्र, यांचा. पहिला मंत्र, त्यांचा. फरक एका क्रियापदाचा. दुसरा जुळला. तिसऱ्याला मिश्रांच्या चेहऱ्यावर हसू होतं, चौथ्याला ते मावळलं. सहाव्यात तैमात येतो. मिश्रांनी लिहिलं होतं, ‘तैमात नावाचा सर्प, बाबिलोनी संबंध शक्य, सिद्ध नाही.’ एरंडवण्यानं लिहिलं होतं, ‘तैमात, एक सर्प, बाबिलोनी संबंध सिद्ध नाही, पण शक्य.’ आलिगी-विलिगीपाशी दोघांचाही एकच शब्द: ‘अनिश्चित’. तळटीपेचा आकडासुद्धा तोच.

लंडनला असं झालं तेव्हा पंचांना हायसं वाटलं होतं. इथे दोन माणसं चोरी उघडकीला आल्यासारखी बसली होती.

‘यांनी माझं वाचलंय!’ मिश्र म्हणाले.

‘यांनी माझं!’ एरंडवणं म्हणालं.

दोन्ही खरं होतं. एकमेकांच्या पुस्तिकांचं एकमेव गिऱ्हाईक ते दोघंच होते, आणि ओळन् ओळ खरवडून वाचताना, जाहीरपणे खोडून काढलेला मुद्दा पुढच्या वर्षी गुपचूप आपल्या लेखात घ्यायचा, असं दोन्हीकडे चाललं होतं. मी कपाटातून जुन्या पुस्तिका काढून पाहिल्या. सुरुवातीच्या पुस्तिकेत मिश्र टिळकांच्या पुढे दहा पावलं होते आणि एरंडवणं तितकंच मागे. मग दर वर्षी दोघं थोडे थोडे सरकत, एकमेकांना शिव्या देत, बरोबर मध्यावर आलेले.

‘म्हणजे मिटला म्हणायचा वाद,’ काकू चष्मा काढत म्हणाल्या.

दोघांनी एकदम मान वर केली. ‘मुळीच नाही!’ इतक्या वर्षांत हे त्यांचं एकमेकांदेखत पहिलं एकमत.

मग कळलं की खरा प्रश्न आता सुरू होतो. ‘अनिश्चित’ हे आधी कोण म्हणालं? मिश्रांनी आपली एक जुनी पुस्तिका काढली. एरंडवण्यानं शबनममधून त्याआधीचं एका व्याख्यानाचं टिपण काढलं. मिश्र म्हणाले, टिपण म्हणजे प्रकाशन नव्हे. ते म्हणाले, व्याख्यान ऐकायला तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. मी मध्ये तोंड घातलं, ‘पण आलिगी-विलिगीचा माग आपल्याला लागला नाही, हे टिळकांनीच त्या १९१७ च्या लेखात म्हटलंय ना?’

दोघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यात इतक्या वर्षांचा दुरावा मिटून गेला. ‘टिळकांना कळलं नाही ते वेगळं,’ मिश्र म्हणाले. ‘त्यांना शंका होती. आम्हाला खात्री आहे,’ एरंडवण्यानं वाक्य पुरं केलं.

पुढचा तास कुणाला आधी कळलं नाही यावर गेला. चहा दुसऱ्यांदा झाला, साखर आता थेट विचारली गेली. शेवटी काकूंनी सुचवलं की दोघांनी मिळून एकच पुस्तिका काढावी. मुद्दे एकच आहेत, छपाईचा खर्चही निम्मा. निम्मा खर्च म्हटल्यावर दोघंही थबकले. एरंडवण्यानं यंत्र कानात नीट बसवलं. मिश्रांनी पेन्सिल हातात घेतली, कोरा कागद ओढला, आणि मुखपृष्ठाचा चौकोन काढून विचारलं,

‘वरचं नाव कुणाचं?’